आबांची खोटवही

आमचे आबा, म्हणजे माझ्या पप्पांचे वडील, एसटीचे ड्रायव्हर होते. आख्खी नोकरी झाली, एकसुद्धा अपघात नाही. त्याचा मिळालेला बिल्ला अजून देव्हाऱ्यात देवीच्या बाजूला आहे, आई रोज त्यालापण हळदकुंकू लावते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. मी धाराशिवला कॉलेजला आहे, तर दर सोमवारी जळकोटवरून तुळजापूरपर्यंत तेच सोडायचे मला, पुढं मी बसनं जायची.

मागच्या वर्षी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आबांना डिमेन्शिया आहे. हळूहळू विसरत जाणार. गाडी बंद करावी लागेल, पण जमलं तर त्यांना स्वतःला ठरवू द्या, असंपण म्हणाले.

पप्पांनी काय केलं, घरी आल्या आल्या किल्ली ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवली. आबा दोन दिवस किल्ली शोधत फिरले. तिसऱ्या दिवशी आई भाकरी करायला बसली आणि पिठातनं किल्ली निघाली, आबांच्या समोरच.

"घरात काय चोर शिरलाय का, किल्ली पिठात ठिवायला?" आबा म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत. मला लईच वाईट वाटलं. ज्या माणसानं आयुष्यभर पन्नास-पन्नास लोकांना सुखरूप पोचवलं, त्याच्यापासून आपण किल्ली लपवायची?

मग मला त्यांच्या डेपोतली एक पद्धत आठवली, लहानपणी शंभर वेळा ऐकलेली. ड्युटी संपली की ड्रायव्हरनं गाडीतली खोट वहीत लिहायची. ब्रेक कडक, हॉर्न बारीक, जे असेल ते. लिहिल्याबिगर दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची नाही, आणि खोट दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर जायची नाही. मी शंभर पानी वही आणली आणि आबांना म्हणाले, "आता कॉलेजला सुट्टी हाय, मी रोज शेजारी बसणार. फेरी झाली की तुम्ही खोट लिहायची. ज्या दिवशी गाडी पाठवण्यासारखी नाही असं तुम्ही लिहाल, त्या दिवशी बंद. पप्पा न्हाय, तुम्ही ठरवायचं."

"तू काय डेपो मॅनेजर हायस व्हय?" म्हणाले, पण वही घेतली.

पप्पांनी कशीबशी परवानगी दिली. तीपण फक्त दिवसा आणि कमी स्पीडनं.

पहिले काही दिवस मस्त गेले. वहीत लिहिलेलं असायचं, 'डावा आरसा हलतो' वगैरे. मग एकदा नळदुर्गच्या अलीकडं एका फाट्यावर आबांनी गाडी कडेला घेऊन थांबवली आणि थांबलेच. मी म्हणाले, "चला की आबा."

"बेल दे की मग."

मला कळेचना. मग टाळक्यात आलं. एसटीत कंडक्टर एकदा घंटी वाजवतो तेव्हा थांबायचं, दोनदा वाजवली की निघायचं. मी तोंडानंच म्हणाले, "टिंग टिंग." आणि गाडी निघाली. आम्ही थांबलेलो तेवढ्यात एक मावशी प्रवासी गाडी समजून पिशवी घेऊन मागं चढूनपण बसली होती. तुळजापूरपर्यंत तिनं आम्हाला तिच्या सुनेचं सगळं सांगितलं. आम्ही लई हसलो. पण त्या दिवशी वहीत त्यांनी 'काही नाही' लिहिलं, आणि मला जरा धडकी भरली.

दुसऱ्याच आठवड्यात ते झालं. परत येताना हायवेवर आबांनी गाडी दुभाजकाच्या उलट्या बाजूला घातली. त्यांच्या डोक्यात अजून दुभाजक नसलेला जुना रस्ताच होता. समोरून मोटरसायकलवर नवरा-बायको आणि मधी लेकरू. मी ओरडायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते फक्त, "टिंग."

एकच.

आबांचा पाय तिथल्या तिथं ब्रेकवर. मोटरसायकल मातीत उतरून थांबली. कुणाला काही लागलं नाही. तो माणूस येऊन जे बोलायचं ते बोलला, आबा खाली मान घालून ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "वही दे."

तिथं कडेच्या चहाच्या टपरीवर बसून लिहिलं. लई वेळ लावला. मी पप्पांना फोन केला, ते येईपर्यंत आबांचा चहा गार झाला होता. वहीत होतं: 'गाडी ठीक आहे. खोट ड्रायव्हरमध्ये आहे. रस्त्यावर पाठवू नये.' खाली सही, एसटीत करायचे तशी, लांब शेपटीची.

मी रडले. खोटं कशाला सांगू.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात उभे. "किल्ली कुठंय?" सगळं विसरले होते. पप्पा काहीतरी थाप मारणार होते, मी त्यांना थांबवलं आणि वही आबांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाचलं. सहीवरनं बोट फिरवलं.

"ह्ये अक्षर माझंच हाय."

"व्हय आबा."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि चहा मागितला. त्यानंतर आठवड्यातनं दोन-तीनदा तरी असंच होतं. दर वेळी वाचतात, दर वेळी ठरवतात. ते दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही, स्वतःच्या अक्षरात आहे, म्हणून भांडण होत नाही.

आणि आता मोठी बातमी, मला लायसन मिळालं. शिकवलं आबांनीच, शेताच्या वाटेवर, शेजारी बसून. काल काय केलं ते विसरतात, पण क्लच कधी सोडायचा ते बिलकुल विसरत नाहीत. "पाय हाय का मुसळ?" हे तर रोजचंच.

गेल्या सोमवारी तुळजापूरला मी चालवत गेले, मागं पप्पा, शेजारी आबा. निघताना आबांनी वही मागितली, ते पान वाचलं आणि म्हणाले, "चांगला होता ह्यो ड्रायव्हर. टायमात उतरला."

मी किल्ली फिरवली तरी गाडी हलवली नाही, वाट बघत बसले. त्यांनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं.

"टिंग टिंग," आबा म्हणाले.