ओरछ्याची बस आणि आईचं हळदीकुंकू

झाशीत टूरिस्ट येतो तो झाशीतून निघून जायला येतो. हे मला इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी कळलं. माणूस स्टेशनवर उतरतो, आमच्या टूरिझम ऑफिसच्या काउंटरवर बॅग आदळतो आणि विचारतो, "ओरछा कसं जायचं?" ओरछा नसेल तर खजुराहो. तेही नसेल तर बाथरूम कुठंय. मी आपली नकाशा पसरून तयार! किल्ला, राणी महाल, बडा बाजार, लक्ष्मी गेट... इतकं बोलेपर्यंत माणूस ऑटोत बसलेला असायचा. असा संताप व्हायचा माझा! आमच्या घरच्या कितीतरी पिढ्या या गावात जन्मल्या आणि इथंच गेल्या, आणि या लोकांना इथं घोटभर चहा प्यायला वेळ नाही.

संतापाला दुसरंही कारण होतं. आमच्या कॉलेजची अट होती की इंटर्नशिपमध्ये एक तरी गट मुलीनं एकटीनं, ठरलेल्या सगळ्या ठिकाणी फिरवला पाहिजे आणि ऑफिसच्या साहेबांनी तसं लिहून दिलं पाहिजे. किल्ल्यापासून सुरुवात, लक्ष्मी तलावापाशी शेवट. नाहीतर इंटर्नशिप बाद, पुन्हा पुढच्या वर्षी. आता झाशीत पूर्ण फेरी मारेल असा गट आणायचा कुठून? आमचे साहेब भले गृहस्थ होते, पण धीर देण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. "बेटा, टूरिस्ट भगवान होता है," ते हीटरवर हात शेकत म्हणायचे, "और भगवान को रोकते नहीं."

शेवटचा आठवडा उजाडला तरी माझा एकही गट झालेला नव्हता. घरी आईला काय करू म्हणून विचारलं तर तिचं डोकं तिच्या हळदीकुंकवात. संक्रांत झाली होती आणि आमच्याकडचं हळदीकुंकू म्हणजे लक्ष्मी गेटच्या गल्लीतला सण. गावात मराठी घरं उरलीत किती? बाकी सगळ्या शेजारच्या बुंदेली भाभी आणि चाची. पण त्यांनाही आता इतकी सवय झालीय की संक्रांत झाली की त्याच विचारतात, "काए जिज्जी, ई साल का बाँट रईं?" त्या वर्षी वाणाला चहाच्या गाळण्या होत्या. स्टीलच्या, ठोक भावात आणलेल्या, ढीगभर. दिवाणावर बसायला जागा नव्हती.

आणि नेमकी हळदीकुंकवाच्याच दिवशी सकाळी सांगलीकडची बस आली. निवृत्त मंडळी. बायकांच्या अंगावर काठापदराच्या साड्या, वर स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज; पुरुषांना माकडटोप्या. बरोबर एक टूर मॅनेजर आणि त्याच्या गळ्यात शिट्टी. साहेब उठून उभेच राहिले. "मराठी पार्टी है! जाओ बेटा, ये तुम्हारी है." घरात आम्ही मराठी बोलतो खरी, पण तिच्यात निम्मं हिंदी कधी शिरलं ते आम्हालाही माहीत नाही.

टूर मॅनेजरनं आल्याआल्या सांगून टाकलं, "मॅडम, झाशीला एक तास. जेवण ओरछ्याला सांगितलंय."

एक तास! माझी फेरी दोन तासांच्या खाली होत नाही. मी म्हटलं, बघू, बोलण्यात गुंतवू. पण बोलू कोण देतंय? किल्ल्याच्या दारातच एक निवृत्त हेडमास्तर पुढे झाले आणि त्यांनी बाईसाहेबांची सगळी कथा, आमच्याकडे राणीला बाईसाहेबच म्हणतात, अशी काही सुरू केली की जणू ते स्वतः तटावर उभे होते. बायका डोळे पुसायला लागल्या. मी मध्येच "ही तोफ..." म्हटलं, तर ते म्हणाले, "थांब बाळ, तोफेकडे येतोय मी." मी मुकाट्यानं माझीच टूर बघत हिंडले. मनात हेडमास्तरांचा उद्धार चालला होता, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

किल्ल्यात पाऊण तास गेला. खाली उतरताना टूर मॅनेजर घड्याळ बघायला लागला. मी त्याला म्हटलं, भाऊ, बडा बाजारातून चला, जवळ पडेल. कशाच्या जवळ ते सांगितलं नाही. अशा रीतीनं मी त्यांना राणी महालावरून, गर्दीतून, ई-रिक्षांच्या मधून काढत लक्ष्मी गेटच्या आमच्या गल्लीत आणलं. तलाव तिथून दहा पावलं नसला तरी आता टप्प्यात होता. मला वाटलं, जिंकले.

तर दारात आई रांगोळी घालत बसलेली. तिनं मान वर केली आणि समोर इतक्या काठापदराच्या साड्या एकदम! "अगंबाई!" म्हणून ती उठली, आणि सवयीनं म्हणाली, "या ना, हळदीकुंकू घेऊन जा."

आता हे शिष्टाचाराचं बोलणं होतं. गल्लीत कुणी जाताना दिसलं की आई असंच म्हणते आणि माणूस "फिर कभी" म्हणून पुढे जातो. पण ही मंडळी सांगलीकडची. बोलावलं म्हणजे बोलावलं. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाही म्हणणार कोण? बघताबघता दारात पांढऱ्या बुटांचा हा ढीग झाला आणि आमच्या दोन खोल्यांत बायकाच बायका. शेजारच्या भाभीनं चुलीवर पातेलं चढवलं. पुरुषांना गल्लीतल्या लोकांनी खाटा टाकून बसवलं. आई एकेकीला हळद, कुंकू, तिळगूळ आणि गाळणी देत होती, आणि गाळणी बघून जी ती म्हणत होती, "अगदी हीच हवी होती!"

एका काकूंनी विचारलं, "मग तुम्ही गावी कधी जाता?"

"कौन से गावी?" आईनं मनापासून विचारलं. "हे काय, गावातच आहोत की."

बाहेर शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. आई कुंकवाची कोयरी हातात घेऊन दारात गेली. "ए भैया, शिट्टी बंद करा बरं. इकडं सवाष्णींना कुंकू लावणं चालू आहे." टूर मॅनेजरनं शिट्टी खिशात टाकली आणि त्याला कुणीतरी चहा दिला.

तेवढ्यात गट हरवला म्हणून साहेब स्कूटरवर शोधत आले. मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "सर, थोडंच राहिलंय. तलाव झाला की पूर्ण." खाटेवर हेडमास्तर किल्ल्याची गोष्ट अजून सांगतच होते; साहेब ते, बुटांचा ढीग, सगळं बघत राहिले. "बेटा," ते हळूच म्हणाले, "किला तो उन सज्जन ने दिखाया. यहाँ तुम्हारी मम्मी दिखा रही हैं. मैं लिखूँ क्या?"

खरंच होतं ते. डोळे भरून आले माझे. आणि टूर मॅनेजरनं कप ठेवून आवाज दिला, "चला मंडळी, बस बाजाराबाहेर उभी आहे! ओरछ्याचं जेवण थंड होतंय!" बायका बूट शोधायला लागल्या.

मग माझा तोल गेला. दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून मी ओरडलेच. "जा! सगळे जा ओरछ्याला! मी रोज लोकांना इथून बाहेर जायचा रास्ताच सांगते. कुणाला थांबायचंच नाही इथं! राणीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ती गेल्यावर आम्ही इथं राहिलो ना? आमची शाळा, आमचा तलाव, ज्यात आम्ही गणपती बुडवतो, ते कुणी बघणार की नाही? एक बार तो देख लो!"

आई म्हणाली, "अगं, पाहुणे आहेत." हेडमास्तर टोपी हातात घेऊन उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता साहेब ऑफिसातूनही काढतील.

ज्या काकूंनी गावाचं विचारलं होतं, त्यांनी शांतपणे दुसरा बूट चढवला, नाडी बांधली आणि टूर मॅनेजरला म्हणाल्या, "अरे, जेवणवाल्याला फोन कर. सांग, उशीर होतोय." मग माझ्याकडे वळल्या. "काय गं, कुठं आहे तुमचा तलाव?"

इतके दिवस घोकलेलं भाषण, आणि तोंडातून एक शब्द फुटेना. मी नुसता हात केला आणि चालायला लागले. हेडमास्तर माझ्या बरोबरीनं आले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "तू सांग बाळ," म्हणाले, "हे मला माहीत नाही."