लासारोच्या चार ओळी

ओब्दुलिया मोन्तेआगुदोचा आवाज रेडिओवाल्यांनी नापास केला होता. ऐन तारुण्यात ती नवा झगा घालून प्रांताच्या मोठ्या गावी परीक्षा देऊन आली, तेव्हा तिथल्या माणसानं तिला सांगितलं, "आवाज खणखणीत आहे, पण बाईचा वाटत नाही." ती आपल्या गावी, सान मेल्चोरला परतली आणि चिरुटांच्या कारखान्यात पानं वळायला बसली. पुढे कारखान्याच्या जुन्या वाचकाचे, म्हणजे कामगारांना काम करताना मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्याचे, डोळे गेले. नवा वाचक निवडायचा होता. शेजारणींनी ढकललं म्हणून ओब्दुलियानं एक पान वाचून दाखवलं, आणि तोच जाडसर, भरदार आवाज न ओरडता शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांपर्यंत जाऊन पोचला. कामगारांनी पानं कापायच्या पात्या लाकडी पाटांवर ठणाठणा आपटल्या. तंबाखूनं माखलेल्या हातांनी टाळ्या कोण वाजवणार? पात्या वाजल्या की पसंती, हीच तिथली रीत.

तेव्हापासून रोज सकाळी ती दालनातल्या उंच चौथऱ्यावर चढायची, ध्वनिक्षेपकावर दोन टिचक्या मारायची आणि वर्तमानपत्र वाचायची. दुपारी कादंबरी, तीही कामगारांनी मतं देऊन निवडलेली. छापलंय ते सगळं वाचायचं आणि त्यात आपलं काही मिसळायचं नाही, एवढं पथ्य तिनं सांभाळलं. कुणी एखाद्या बातमीवर तिचं मत विचारलंच, तर म्हणायची, "मत हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा. त्याच्याकडे ढिगानं आहेत."

त्या मंगळवारी तिनं पीकपाण्याची बातमी वाचली, एका शाळेच्या वर्धापनदिनाची वाचली, आणि मग शेवटच्या पानाच्या तळाशी आली.

"प्रांताच्या संघाचे माजी डावखुरे पिचर लासारो केसादा यांनी परदेशातील व्यावसायिक बेसबॉलमधून निवृत्ती घेतली आहे. खांद्याच्या दुखापतीमुळे त्यांनी हा निर्णय घेतल्याचे समजते."

चार छोट्या ओळी होत्या. ओब्दुलियानं त्या वाचल्या आणि त्याच आवाजात पुढची बातमी सुरू केली, "पाण्याच्या पंपाची दुरुस्ती..."

"मावशी, थांबा!" तिसऱ्या रांगेतून मायेलीन ओरडली. ही मायेलीन म्हणजे दालनातली सगळ्यात तिखट पोरगी. हात जितके झपाझप चालत तितकंच तोंड. "लासारोचं संपलं?"

"संपलं."

"आणि पंपाला किती ओळी दिल्यात?"

ओब्दुलियानं बोट फिरवून मोजल्या. "अकरा."

सगळं दालन हसलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून एवेलिओ फेरान मान वर न करता म्हणाला, "पंप इथंच राहिला, पळून गेला नाही. त्याला अकरा मिळणारच."

हसू जिथल्या तिथं थिजलं. कारण भिंतीलगतच्या टेबलावर पानांच्या शिरा काढत बसलेल्या बायकांत सेनाइदा होती. लासारोची आई.

लासारो याच गावचा. कारखान्यामागच्या गल्लीत वाढला, प्रांताच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून गेला आणि त्या संघाला त्यानं दोनदा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. त्या काळात सान मेल्चोरच्या निम्म्या पोरांची नावं लासारो ठेवली गेली. आणि मग एके वर्षी, सेमीफायनलच्याच आठवड्यात, तो आपला बेटाचा देश सोडून निघून गेला. संघ हरला. देश सोडणाऱ्यांचं नाव सरकारी पेपर घेत नसे, त्यामुळे पेपरात त्यावर एक अक्षर आलं नाही. पुढे परदेशात त्यानं नाव काढलं, तेव्हाही आलं नाही. गावाला तो मोबाइलवर, उसन्या चित्रफितींतून दिसत राहिला.

"बोल ना बाई," एवेलिओ आता सेनाइदाकडे बघून म्हणाला, पण आवाज जरा उतरवून. "तुझ्यावर राग नाही माझा. पण पेपरानं चार ओळी दिल्या, त्याही मला जास्त वाटतात."

"मी कशाला बोलू?" सेनाइदा म्हणाली. "तू वर्षानुवर्षं बोलतोयस, तेवढं पुरे आहे."

पण मायेलीनला ते पुरे नव्हतं. "एवेलिओकाका, दोन वेळा विजेतेपद कुणी आणलं? तुमच्या बाकावर बसून आणलंत का तुम्ही? माणूस गेला म्हणून त्यानं केलेलं पण गेलं?"

"ज्यानं घर अर्ध्यात टाकलं त्याला हार घालायचे?"

"हार नका घालू. नीट बातमी द्या म्हणतेय मी!"

मग सगळेच तुटून पडले. कुणी म्हणालं, चार ओळी आल्या हेच विशेष, आधी तर नावही छापत नव्हते. कुणी म्हणालं, आलेल्या ओळींत विजेतेपदांचा उल्लेख नसेल तर त्या काय कामाच्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, खांदा डावा दुखावला की उजवा, तेवढं तरी लिहायचं होतं. चिरूट वळायचे राहिले. शेवटी मायेलीन ओब्दुलियावर घसरली. "तुम्ही पण, मावशी! त्याला मांडीवर खेळवलंत, आणि वाचलंत कसं, तर हवामान वाचल्यासारखं!"

ओब्दुलियानं पेपराची घडी घातली. "जसं लिहिलंय तसं वाचते मी," ती म्हणाली. पण दिवसभर ते शब्द तिला कुसळासारखे टोचत राहिले. सेनाइदाच्या घरची नि तिच्या घरची भिंत एकच होती. त्या भिंतीवर पोरानं इतके चेंडू मारले होते, की तिच्या बाजूचा गिलावा पडायचा आणि तिचा नवरा शिव्या घालत तो पुन्हा लावायचा.

दुसऱ्या दिवशी मायेलीन मोबाइल नाचवतच आली. परदेशातल्या कुठल्याशा संकेतस्थळावर लासारोवर लांबलचक लेख आला होता, स्पॅनिशमध्येच. "हा वाचा. ही बघा खरी बातमी!"

मतं घेतली. एवेलिओचा हात खालीच राहिला, पण बहुमत झालं. व्यवस्थापक रिगोबेर्तो हा घाबरट, पण मनानं चांगला माणूस. तो कपाळाचा घाम पुसत दारात आला. "ओब्दुलिया, वाचनात काय चालतं काय नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

रिगोबेर्तो मागे वळून बाहेर डोकावला. मग कानात करंगळी घालून म्हणाला, "सकाळपासून माझ्या कानांना दडे बसलेत बघ. मी गोदामात आहे." आणि गेला.

वीज नेमकी तेव्हाच गेली. ध्वनिक्षेपक बंद, पंखे बंद. ओब्दुलिया तशीच उभी राहून मोकळ्या आवाजात वाचू लागली. लेख मोठा रसाळ होता. लासारो झावळ्यांच्या झोपडीत जन्मला. साखरेच्या पाण्यावर वाढला. चेंडू मिळत नव्हता म्हणून दगड फेकून पिचिंग शिकला...

"काय?" सेनाइदा ताडकन उठली. मांडीवरची पानं खाली सांडली. "साखरेचं पाणी? अरे, त्या पोराला मी डुकराचं मटण घातलंय, मलांगाचे कंद उकडून कुस्करून घातलेत, त्याच्यासाठी रांगेत उभं राहून दूध आणलंय! आणि झोपडी कुठली? त्याच्या बापानं सिमेंटचं छत घातलं स्वतःच्या हातानं! अजून एकदा गळलं नाही!"

"आणि चेंडू होता," ओब्दुलियाच्या तोंडून निघून गेलं. "माझ्या भिंतीला विचारा."

हास्याचा असा लोट उसळला की रस्त्यावरची घोडागाडी थांबली. एवेलिओसुद्धा मिशीत हसला. "घ्या तुमची खरी बातमी," तो मायेलीनला म्हणाला. "आमच्या पेपरानं त्याला बारीक केला, यांनी त्याला उपाशी ठेवला."

मायेलीनचा चेहरा पडला. ओब्दुलियानं लेख शेवटापर्यंत वाचला. परदेशातले सामने, बक्षिसं, मोठी घरं, सगळं होतं. सान मेल्चोरच्या मैदानाला, प्रांताच्या संघाला, त्या दोन विजेतेपदांना मिळून एकच वाक्य होतं: "मायदेशी काही काळ खेळल्यानंतर..." तिथं ती अडखळली. वाचताना ती कधी अडखळत नसे. कालच्या चार ओळींत ना तिकडची वर्षं होती ना इथली, आणि या एवढ्या मोठ्या लेखातही इथली नव्हती. इथली वर्षं समोर बसली होती, पात्या हातात धरून.

तिनं मोबाइल खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिनं त्या चौथऱ्यावरून स्वतःचं वाक्य उच्चारलं नव्हतं. "मला हे पटलं नाही," ती म्हणाली. "कालचंही नाही, आजचंही नाही. पहिल्या विजेतेपदाचा तो फायनलचा सामना आपल्यातल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलाय. ज्याला आठवतोय त्यानं वर यावं आणि सांगावा. मी खाली बसते."

ती खरंच उतरली आणि मायेलीनच्या शेजारी रिकाम्या बाकावर बसली. मग खांद्याबद्दल विचारणारा म्हातारा वर गेला. त्याला सामन्यातलं काही आठवेना, त्या दिवशी शेंगदाणे किती खारट होते तेवढंच आठवलं, पण लोकांनी तेही ऐकून घेतलं. मग दोन बायका गेल्या. त्यानंतर खिडकीजवळ बाक सरकल्याचा आवाज आला. एवेलिओ उठला होता.

"मी त्याला माफ केलेलं नाही," वर जाऊन तो म्हणाला. "हे आधी सांगतो, नंतर कुणी गैरसमज करून घेऊ नका." मग त्यानं टोपी काढली. "सातवा डाव. तिन्ही बेसवर त्यांची माणसं, एकही बाद नाही. आम्ही एका धावेनं पुढे. माझ्या शेजारचा माणूस डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. लासारोनं पहिल्या दोघांना बॅट लावू दिली नाही. तिसरा आला तो बैलासारखा आडदांड. शेवटचा चेंडू सरळ निघाला. त्या बैलानं बॅट फिरवली, आणि त्याच्या गुडघ्यापाशी येता येता चेंडूला जणू काही आठवलं. तो खाली वळला. असा." त्यानं तळहात खाली झुकवून दाखवला. "बॅट वाऱ्यातून गेली. मी ज्याला मिठी मारली तो कोण होता, मला आजही माहीत नाही. तसा चेंडू मी पुन्हा पाहिला नाही. म्हणून तर राग आहे माझा. एखाद्या ऐऱ्यागैऱ्यावर कोण एवढा राग धरतं?"

पात्या अशा वाजल्या की रिगोबेर्तो दडे बसलेले कान घेऊन गोदामातून धावत आला.

मायेलीननं ते सगळं मोबाइलवर टिपलं होतं. सेनाइदाला विचारून तिनं ते लासारोला पाठवलं. शुक्रवारी उत्तर आलं. सेनाइदानं मोबाइल ओब्दुलियाच्या हातात दिला. "मी अजून ऐकलेलं नाही," ती म्हणाली. "सगळ्यांबरोबर ऐकते."

ओब्दुलियानं तो ध्वनिक्षेपकासमोर धरला. आवाज घोगरा, मोठ्या माणसाचा होता, पण बोलणं गल्लीतलंच.

"एवेलिओकाका, तुमचं बरोबर आहे. सेमीफायनल माझ्यामुळे हरलो. कुणाला सांगितलं असतं तर जाता आलं नसतं, म्हणून आईलाही सांगितलं नाही. मी गेलो याचा पस्तावा नाही, पण त्या आठवड्यात गेलो याचा आहे." तो खाकरला. "आणि तो सातव्या डावातला चेंडू. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. तो वळवला नव्हता मी. हात घामेजला होता, चेंडू निसटला. मला तो सरळच टाकायचा होता. आपण काय केलं ते शोधायला मी पुढे कितीतरी महिने घरामागे चेंडू फेकत बसलो, आणि ते सापडलं. जन्मभर त्याच चेंडूवर पोट भरलं. आई, डिसेंबरात येतोय. तिकीट काढलंय."

सेनाइदानं पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. बायकांनी तिच्या पाठीवर हात ठेवले. बाकी सगळ्यांच्या माना एवेलिओकडे वळल्या.

एवेलिओनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "खोटं बोलतोय," तो म्हणाला.

"अहो, तो स्वतः सांगतोय!" मायेलीन ओरडली.

"त्याला काय कळतंय? तो चेंडू टाकत होता, मी बघत होतो!"

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्राची एक तरुण बातमीदार बाई बसनं आली. कारखान्यातल्या गोष्टी तिच्यापर्यंत कशा पोचल्या, कोण जाणे. ती सगळ्यांशी बोलली, कॉफी प्याली आणि गेली. नंतरच्या अंकात खरोखरच अर्धं पान आलं. दोन्ही विजेतेपदं होती, सातवा डाव होता, सेनाइदाचं छतही होतं. फक्त एवेलिओ फेरानचा एमिलिओ फेरान झाला होता. ओब्दुलियानं तो छापला होता तसाच वाचला.

"कोण एमिलिओ?" एवेलिओ उसळला. "माझ्या तोंडची गोष्ट त्या एमिलिओच्या नावावर?"

"चार ओळींपेक्षा बरं ना?" मायेलीन म्हणाली.

"चार ओळींत निदान चूक नव्हती!"

आणि पुन्हा सगळं दालन दोन बाजूंना वाटलं गेलं. यावेळी सेनाइदाही भांडत होती, आणि ती पेपराच्या बाजूनं होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ओब्दुलिया आणि सेनाइदा रेषा आखायला चुन्याची बादली घेऊन जुन्या मैदानाकडे निघाल्या. पोरांना चार दिवस शिकवीन, असं लासारोनं कळवलं होतं, आणि मैदानात कमरेइतकं गवत माजलं होतं. त्या पोचल्या तेव्हा अर्धं गवत आधीच कापून झालं होतं. मधोमध, पिचरच्या उंचवट्यावर, एवेलिओ कोयता टेकवून घाम पुसत उभा होता.

"तू कधीपासून आलायस?" सेनाइदानं विचारलं.

"उजाडल्यापासून." त्यानं पायानं माती दाबून पाहिली. "इथं खड्डा पडलाय. त्याचा पाय मुरगळला तर भांडायचं कुणाशी मी?"

सेनाइदानं बादली खाली ठेवली आणि बाह्या वर केल्या. "सरक," ती म्हणाली. "माती मी आणते."