बोळा पुदिन्याचा, वास लिंबाचा

मी संगमनेरच्या एका डेअरीत दुधाची फॅट तपासते. यंत्रावर येईल तो आकडा खरा, बाकी सगळ्या गप्पा... असा माझा खाक्या. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केली आहे. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

मागच्या वर्षी नगरला माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. शुगर आटोक्यात येईना, म्हणून. आई नेवाशाला असते. तिला मात्र कळू दिलं नव्हतं — तिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं. पुण्याला ट्रेनिंग आहे, असं ठोकून दिलं आणि नवऱ्यालाही तंबी दिली.

तिसऱ्या दिवशी घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरेना. उमासे असे, की टाके तुटतात की काय वाटायचं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाणी टिकलं नाही तर परत ऑपरेशन करावं लागेल. मी पार हादरले. सिस्टरने कापसाच्या बोळ्यावर पुदिन्याच्या तेलाचे दोन थेंब टाकून तो उशाशी ठेवला आणि हळूहळू हुंगत राहायला सांगितलं.

दुपारी तीनच्या सुमारास डोळा लागला... की नाही लागला, देव जाणे. पलंग संथ डुलायला लागला, लहानपणीच्या एसटीसारखा. खिडकीतून वारा येत होता — आणि त्या खोलीची खिडकी तर उघडतच नव्हती. पुदिना विरत गेला, लिंबाचा वास आला. लहानपणी मला गाडी लागायची, तेव्हा आई लिंबाला नख मारून नाकाशी धरायची. अगदी तसाच वास. खरबरीत बोटं ओठांना लागली. मग थेंब थेंब पाणी... मी पीत राहिले. इतकं निवांत कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जाग आली तेव्हा टेबलावरचा पाण्याचा पेला रिकामा होता आणि पोट शांत. सिस्टर दारातच थबकली. खोलीत लिंबू कोणी आणलं, असं तिने विचारलं. नवरा तर मघापासून खाली औषधांच्या रांगेत उभा होता.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी ट्रेनिंगचं पुराण सुरू करणार, तोच ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते. पानी ऱ्हातंय का आता पोटात?"

मी नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"दुपारी जरा पडले हुते," ती म्हणाली. "तू एसटीत उमासे काढीत हुतीस. म्हून लिंबू धरलं, पानी पाजलं. जागी झाले तर हाताला वास तसाच."

नवऱ्याने शपथेवर सांगितलं, की त्याने एक अक्षरही तिच्या कानावर घातलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात, गुण पुदिन्याचा. असेलही. मला आजतागायत काही उलगडा झालेला नाही... आईपासून काही लपवायचा धीर मात्र कायमचा गेला.