रिंगखालची पावलं

सानप सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. त्याला आता महिना उलटून गेला, तरी मला दुःखापेक्षा रागच जास्त येतो. सहकारी साखर कारखान्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, ते खेळ शिकवायचे. उंच पोरांना बास्केटबॉलचे सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारे गडी बनवायचं, एवढंच खूळ त्या माणसाला होतं. पाटोद्याच्या बाजारात एखादं डोकं गर्दीच्या वर दिसलं की भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबून सर त्याच्यामागे निघत. भागवत असाच सापडला. दारात वाकून शिरणारा आणि चालताना स्वतःच्याच पायात अडखळणारा.

"एवढा उंच हाय, रिंगखाली नुसता उभा करा की," कारखान्याचे चेअरमन म्हणाले. सर भडकले. "उभं राहायला खांब हाय तिथं, साहेब. ह्याला वळायला शिकवायचंय." त्यांनी भागवतला अनवाणी सिमेंटवर उभं केलं आणि त्याच्या पावलांभोवती पांढऱ्या ऑइलपेंटनं रेषा काढल्या. एक पाऊल रोवायचं, दुसऱ्यानं वळायचं, मग उडी. कित्येक दिवस चेंडू दिलाच नाही! पोरगं रडकुंडीला आलं. "सर, बॉल काऊन देत न्हाई?" "आधी पाय नीट पडू दे," एवढंच उत्तर.

दोन वर्षांत तो असा तयार झाला की विद्यापीठाच्या संघात त्याची निवड होणार, हे सगळेच धरून चालले होते. निवड दिवाळीनंतर होती... आणि त्या वर्षी पाऊसच पडला नाही. कारखाना बंद, मैदानावर चारा छावणी, रिंगच्या खांबाला म्हशी. सर शेण लोटून त्या पावलांवर सराव घेत. तेवढ्यात बापानं भागवतचं लग्न उरकलं. दूरच्या कारखान्यांच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पोराचं लग्न झालं की घरातला कोयता वाढतो. टोळी नेणाऱ्या मुकादमाला तर असा गडी ट्रक भरायला हवाच होता. सर आणि मी भागवतच्या वस्तीवर गेलो. "तुमचा खेळ लई चांगला हाय, सर," बाप म्हणाला, "पर औंदा आमी खावं काय?" सर तिथून थेट चेअरमनकडे गेले. पोराला निवडीपर्यंत छावणीत काम द्या म्हणाले. "माणसं पुरी झाली," चेअरमन म्हणाले. तिथं त्यांचे तीन भाचे खुर्च्या टाकून बसलेले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

निवडीआधीच, दसरा होताच भागवत बायकोसह ऊसतोडीच्या गाडीत बसून गेला. नंतरही सर उंच पोरं शोधत राहिले, आणि दसरा झाला की एकेक गाडीत बसून जात राहिलं. सर त्या दिवसांत कुणाशी धड बोलत नसत. मात्र दर दिवाळीच्या सुट्टीत ब्रश घेऊन त्या पावलांना नव्यानं रंग द्यायचे.

शोकसभेला भागवत उसाच्या फडावरून आला होता. केस पिकलेले, एक खांदा खाली गेलेला. सभा संपल्यावर तो मैदानावर गेला, चपला काढल्या आणि रेषांत उभा राहिला. पाऊल रोवलं, वळला. अगदी बिनचूक.

"अजून विसरला नाहीस?" मी विचारलं.

"इसरतो कसा, सर? मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं, वर गेलं की एक पाय रोवायचा अन् वळायचं. सरांनी शिकवलं म्हणून तर आजून पाठ शाबूत हाय."

तो हे कौतुकानं सांगत होता. मी मान खाली घातली. सरांनी याही वर्षी दिलेला रंग अजून पांढरा होता, आणि भागवतची पावलं त्यात जशीच्या तशी बसली होती.