भाऊजीचं यंत्र अन् माझा साबण

आमचे भाऊजी गावच्या लेखी येडे म्हणून गेले.

आज त्यायला जाऊन वर्ष झालं.

भाऊजी म्हंजे माझे धाकटे दीर. केमिकल कंपनीतून रिटायर होऊन इकडं तीर्थपुरीजवळ गावी आल्ते. मी दुसरी शिकलेली, ते इंजिनियर. पण काही नवीन डोक्यात आलं की आधी मला सांगायचे.

आमचा गोबरगॅस लई मंद जळायचा. डाळ शिजेपर्यंत माझ्या दोन झोपा व्हायच्या.

"वहिनी, यात निम्मा गॅस जळतच न्हाई. तेवढा काढून टाकतो."

"चाळणीनं का?"

"तुमच्या चाळणीला जमलं असतं तर मला कोणी विचारलं असतं?"

मंग एक जाड पाईप केला. आत शेवयासारख्या पोकळ नळ्याच नळ्या. नळ्यायला डोळ्याला न दिसणारी भोकं. आतून गॅस, बाहेरून पाणी. पाणी आत शिरत न्हाई, नुसतं भोकाच्या तोंडाशी गॅसला टेकतं. न जळणारा गॅस तेवढा पाण्यात विरघळतो. मेंब्रेन म्हणतात त्याला.

मला समजलं, म्हंजे सांगणारा केवढा हुशार बघा.

कॉलेजचे सर बघायला येणार होते. जमलं तर गावोगाव बसवू म्हणले होते.

पाहुणे येणार अन् नळ्या शेवाळलेल्या. भाऊजी बाजारला गेल्ते. मी भांड्याच्या साबणानं चकाचक धुतल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यायसमोर शेगडी पेटवली. फुरफुर करून पाणीच उडालं.

लोक हसले. सर चहाला बसले.

भाऊजी आत येऊन हळूच म्हणले, "वहिनी, साबण लावला का?"

"लावला की."

"साबणानं पाणी भोकात शिरतं. मीच सांगायला पाहिजे होतं."

मी बाहेर सांगायला निघाले.

"माझी शपथ आहे, कोणाला सांगायचं न्हाई. घरच्या बाईला कोणी हसलेलं मला चालायचं न्हाई."

सर गेले, ते परत आले न्हाईत.

आठ दिवस भाऊजीनं नळ्या साध्या पाण्यानं धुतल्या, सावलीत वाळवल्या. मंग अशी निळी जोरदार ज्योत, की मी त्याच दिवशी पुरण शिजवलं. बघायला फक्त घरचे.

कधी रागावले न्हाईत. फक्त चिडवायचे, "वहिनी, तुम्ही भांडे घासा, इंजिनियरिंग राहू द्या."

नात लिहून राह्यली, मी सांगून राह्यले. यंत्र बराबर होतं, साबण माझा होता. सर, तुम्ही वाचलं तर या. शेगडी अजून चालू आहे.

भाऊजी, मनापासून नमस्कार.

तेवढी शपथ सुटली म्हणा.