वाघ एक नंबर, अस्वल चाळिसावं

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जाते आणि विषय संपतो. जे छापता येत नाही, ते मात्र साचत जातं. चंद्रपुरात इतकी वर्षं बातमीदारी केली. डोक्यात असल्या मालाची पोती गोदामासारखी रचलेली आहेत. चार मित्र बसले की एखादं ओढायचं. आज ओढलंय ते रफिकभाईंच्या इंटरनेट कॅफेचं.

समित्या मी पुष्कळ पाहिल्या. पाण्याची समिती, रस्त्याची समिती, त्या रस्त्याच्या समितीची चौकशी करणारी समिती. पण बस स्टँडसमोरच्या त्या कॅफेत जी ‘मानांकन समिती’ बसायची, तिच्यापुढे बाकीच्या सगळ्या देवमाणसांच्या वाटाव्यात. आमच्या ऑफिसचा फोन आठवड्यातून तीन दिवस मेलेला असायचा, म्हणून मी बातम्या ई-मेलने पाठवायला तिथे जात होतो. त्यामुळे हे सगळं फुकटात बघायला मिळालं.

आधी खेळ सांगतो, नाहीतर तुम्हीही न खेळताच मत द्याल. कोणीतरी नागपूरहून सीडी कॉपी करून आणली होती. तिच्यात चाळीस राक्षसी जनावरं. दोघांनी दोन कॉम्प्युटरवर बसायचं, एकेक जनावर निवडायचं आणि आळीपाळीने वार करायचे. ज्याचं जनावर आधी आडवं होईल, तो हरला. नावं कुठल्याशा परदेशी लिपीत होती, म्हणून आमच्या लोकांनी आपली नावं ठेवली. पट्टे असलेला तो वाघ, काळं केसाळ ते अस्वल, पाठीवर ढाल असलेलं ते कासव. इथवर सगळं ठीक होतं. मग कोणाला तरी वाटलं, या चाळिसांची क्रमवारी लावून भिंतीवर चिकटवली पाहिजे.

समिती तिघांची. अध्यक्ष बोरकुटे सर, ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. दुसरा विक्की, एका ठेकेदाराचा पंचविशीतला मुलगा, रोज वाघ घेऊन खेळायचा. तिसरे रफिकभाई, कारण भिंत त्यांची होती.

*

पहिली यादी रफिकभाईंनी केली आणि ती प्रामाणिक होती. त्यांचे वडील त्याच दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. आधी तपासायचं मग बोलायचं, ही सवय घरातलीच. महिनाभर त्यांनी पाटीवर खडूने नोंद ठेवली, कोणतं जनावर किती वेळा जिंकलं आणि किती वेळा हरलं. वाघ अकरावा आला. पहिला वार जोरात करायचा, पण स्वतः दोन फटक्यांत लोळायचा.

सरांनी यादी वाचली आणि चष्मा काढला. “रफिकभाई, आपण राहतो कुठे?”

“चंद्रपुरात.”

“ताडोबा कोणत्या जिल्ह्यात आहे?”

“आपल्याच.”

“आणि वाघ अकरावा? उद्या बाहेरची माणसं आली तर कोणतं तोंड दाखवायचं?”

वाघ लाल स्केचपेनने एक नंबरवर गेला. महिनाभराची पाटी सरांनी स्वतः ओल्या फडक्याने पुसली.

रफिकभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “भाऊ, अच्छा हुआ गेम में कोयला नहीं है. नाहीतर तो दोन नंबरवर आला असता.”

*

सरांनी तो खेळ एकदाही खेळला नव्हता. ही माझी टीका नाही, हे ते अभिमानाने सांगत. त्यांनी गुणपद्धती बसवली होती. शक्तीला दहा, वेगाला दहा आणि व्यक्तिमत्त्वाला वीस. जनावर पडद्यावर आलं की सर मागे हात बांधून लग्नाची मुलगी पाहायला आल्यासारखे उभे राहत आणि कागदावर आकडा टाकत. कासवाला व्यक्तिमत्त्वाचे दोन गुण मिळाले. कारण विचारलं, तर म्हणाले, “मान आत घेतं. आत्मविश्वास नाही.”

मी म्हटलं, “सर, ते मान आत घेतं म्हणून वार लागत नाही. त्याचं कामच ते आहे. एकदा खेळून तर पाहा.”

“पंच कधी खेळतो का?”

रफिकभाईंनी मान वर न करता उत्तर दिलं. “पंच कमसे कम ग्राउंडवर तरी येतो, सर.”

*

हिवाळ्यात वडशाचा एक नट पोस्टर छापून घ्यायला चंद्रपुरात आला होता. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक करायचा. भरघोस मिशा, आवाज असा की कॅफेतले पंखे थांबावेत. पोस्टर सुकेपर्यंत वेळ काढायला तो विक्कीच्या समोर बसला आणि त्याने बेडूक निवडला. बेडूक यादीत बत्तिसावा. विक्की हसला.

पहिला डाव बेडकाने जिंकला. विक्की म्हणाला, माउस खराब आहे. जागा बदलल्या. दुसरा डाव बेडकाने जिंकला. विक्की म्हणाला, आता कीबोर्ड खराब आहे. तिसऱ्या डावाला रफिकभाईंनी नवाकोरा कीबोर्ड खोक्यातून काढून दिला. बेडूकच जिंकला. विक्की म्हणाला, लाइट कमीजास्त होऊन राहिली.

मी सरांना विचारलं, आता तरी बेडूक वर सरकणार का? सरांनी शांतपणे सिद्धांत मांडला. “बेडूक चांगला नाही. तो माणूस चांगला खेळतो.”

“आणि विक्की जिंकतो तेव्हा?”

“तेव्हा वाघ चांगला असतो.”

मी पत्रकार परिषदांमध्ये मुरलेला माणूस, पण इतकं स्वच्छ खोटं मला तिथेही ऐकायला मिळालं नव्हतं. नटाने मात्र पोस्टरची गुंडाळी काखेत मारली आणि विक्कीच्या खांद्यावर हात ठेवला. “बाबू, मी स्टेजवर रोज हिरोचा मार खातो. पण पडल्यावर स्टेज वाकडं हाये म्हणणारा आजच पाह्यला.”

*

आता मारोती. ताडोबाजवळच्या मोहर्लीच्या बाजूच्या एका गोंड खेड्यातला, जंगलखात्यात रोजंदारीवर चौकीदार. दर शनिवारी कागदं घेऊन चंद्रपूरच्या ऑफिसात यायचा आणि परतीच्या बसला तासभर असला की कॅफेत बसायचा. बोलणं कमी. खेळायचा अस्वल घेऊन.

अस्वल यादीत चाळिसावं, म्हणजे शेवटचं. व्यक्तिमत्त्वाला शून्य. त्या खेळात अस्वलाची रीत अशी की पहिले तीन वार ते नुसतं खातं, काहीच करत नाही. बघणाऱ्याला वाटतं, मेलं हे. चौथ्या वाराला ते उभं राहतं आणि घेतलेला सगळा मार दुप्पट करून परत देतं. तीन वार गप्प बसायचा धीर विक्कीकडे नव्हता, सरांना तर तिसऱ्या वारापर्यंत बघायचाही नव्हता. मारोतीचं अर्धं आयुष्य मचाणावर गप्प बसण्यात गेलेलं. त्याने विक्कीचा वाघ किती शनिवार लोळवला, याची मोजदाद सोडून दिली होती.

अशात नागपुरात याच खेळाची स्पर्धा असल्याचं पत्र आलं. प्रत्येक जिल्ह्यातून चौघं. फॉर्मवर स्थानिक मानांकन समितीच्या अध्यक्षांची सही हवी. आणि आमच्या समितीने नियम केला, पहिल्या विसातलं जनावर खेळणाऱ्यालाच सही.

मारोती फॉर्म घेऊन उभा राहिला. सर म्हणाले, “जनावर बदल. वाघ घे.”

“वाघ माह्या हातात बसत नाई, सर. अस्वलाले मी ओळखतो.”

“ओळखतो म्हणजे?”

“माह्या मामाचा एक डोया अस्वलानं नेला. आमच्या गावात वाघ दिसला त माणूस जाग्यावर उभा राह्यते, वाघ आपल्या वाटेनं जाते. अस्वल दिसलं त माणूस आधी झाड पाह्यते.”

“हे शास्त्रीय नाही,” सर म्हणाले.

मी बाहेर चहाच्या टपरीवर मारोतीला म्हटलं, एवढं काय आहे त्या नागपुरात? तो कप हातात फिरवत राहिला. “भाऊ, इथी मी जितलो का सारे म्हणते, मशीन बिघडली. मले एकडाव तिथी बसून खेळाचं हाये, जिथी विक्कीभाऊची मशीन नाई.”

*

माझं डोकं फिरलं. मी त्याच संध्याकाळी बातमी लिहिली. क्रमवारी कशी लागते, पाटी कशी पुसली गेली, एका चांगल्या खेळाडूला कसं डावललं जातंय, सगळं सविस्तर. मुख्य ऑफिसातल्या उपसंपादकाला खेळबिळ काही कळला नाही. जागाही कमी होती. त्याने वरचा परिच्छेद ठेवला, खालचे उडवले आणि मथळा दिला: ‘चंद्रपूर जिल्ह्यात अस्वलांवर अन्याय’.

तिसऱ्या दिवशी एका सरकारी कार्यालयाचा खुलासा आला. मी तो जपून ठेवला आहे. ‘सदर वृत्तात तथ्य नसून जिल्ह्यातील अस्वलांची स्थिती समाधानकारक आहे.’ खाली साहेबांची सही, शिक्का, जावक क्रमांक. माणसांच्या तक्रारीला सहा महिने उत्तर न देणारं हे कार्यालय!

शनिवारी मारोतीने खुलासा दोनदा वाचला आणि घडी घालून मला परत दिला. “साहेबानं बरोबर लिवलं, भाऊ. अस्वलाचं चांगलंच चालू हाये. अन्याय माह्यावर हाये.”

*

पण त्या अर्धवट बातमीने एक काम केलं. सर बिथरले. त्यांनी जाहीर केलं की यादीवर वर्तमानपत्रातून शिंतोडे उडाल्यामुळे समिती ताडोबाला जाऊन वाघाची प्रत्यक्ष पाहणी करेल आणि मग यादी कायम करेल. मारोतीच्या फॉर्मचं काय? पाहणीनंतर बघू. फॉर्म भरायला तेव्हा आठ दिवस उरले होते.

चैत्रातली सकाळ. आम्ही एक काळी-पिवळी जीप ठरवली, टपावर सामानाचं कॅरिअर असलेली. सर पुढे, मागे विक्की, रफिकभाई आणि मी. वाट दाखवायला मारोती. जंगलात तीन तास फिरलो. चितळ दिसले, मोर दिसले, वाघ काही दिसला नाही. सर वहीत लिहीत होते. मी डोकावून पाहिलं. ‘वाघाचे अस्तित्व पदोपदी जाणवते.’

गेटबाहेर पडून मारोतीच्या गावाच्या रस्त्याला लागलो, तर सरांना धुळीत एक ठसा दिसला. गाडी थांबवली.

मारोती म्हणाला, “सर, इथी उतरू नका. मोहफुलं पडून राह्यले.”

“मोहफुलांनी काय होतं?” म्हणत सर उतरले. मागोमाग विक्की कॅमेरा घेऊन उतरला.

वीसेक पावलांवर मोहाच्या झाडाखाली एक काळा ढीग होता. तो हलला. मग त्याने तोंड वर केलं. मग ते दोन पायांवर उभं राहिलं.

पुढचं फार पटकन घडलं. विक्की गाडीत शिरला आणि सीटखाली गेला. सर कॅरिअरवर होते. कसे चढले, हे त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. वर्षानुवर्षं कमावलेली त्यांची शुद्ध भाषा खाली रस्त्यावरच राहिली होती. वरून आवाज आला, “मारोती गा, काही कर ना बाप्पा! थे इकडंच पाहून राह्यलं!”

मारोती गाडीच्या दाराला पाठ लावून उभा होता. हात खाली, नजर अस्वलावर, हालचाल नाही. हळू आवाजात म्हणाला, “सर, भेता काऊन? चाळीस नंबरचं हाये.”

“मारोती...”

“व्यक्तिमत्त्व शून्य हाये त्याले.”

गाडीत रफिकभाईंनी रुमाल तोंडात कोंबला होता. अस्वलाने आमच्याकडे पाहिलं, हवेत नाक फिरवलं, परत चारी पायांवर आलं, आणखी थोडी मोहफुलं खाल्ली आणि सावकाश झाडीत निघून गेलं. तेवढा सगळा वेळ मारोती हलला नाही.

सरांना उतरवायला अर्धा तास लागला. खाली आल्यावर त्यांनी शर्ट आत खोचला, चष्मा पुसला, आणि भाषाही जागेवर आली. कोणाकडे न पाहता म्हणाले, “मारोती, तो फॉर्म आणला आहेस का?”

फॉर्म त्याच्या खिशातच होता. बॉनेटवर ठेवून सरांनी सही केली. सही सरळ आली नाही, पण चालण्यासारखी होती.

पुढच्या शनिवारी मारोती कॅफेत आला तो पिशवी घेऊनच. नागपूरची गाडी अर्ध्या तासाने होती. भिंतीवर नवी यादी लागली होती. सर बाजूला उभे होते, मागे हात बांधून. वरच्या दोन ओळी लाल स्केचपेनने लिहिलेल्या होत्या.

क्रमांक १ : वाघ.

क्रमांक १ : अस्वल (प्रत्यक्ष पाहणीअंती).

मारोतीने दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेला आणि वळला.

“सर, मंग वाघाची पाहणी कधी करता?”