प्योच्या सिनेमातली दुपार

कॅमेरामन यांग दोक-सू यांच्या नावावर एकसष्ट सिनेमे आहेत. बासष्टावा त्यांच्या नावावर नाही, आणि तोच त्यांचा सर्वांत चांगला.

मी त्यांचा फोकस सांभाळायचो, त्यांना दादा म्हणायचो. १९७४च्या हिवाळ्यात, कोरियातल्या गांगवोनच्या डोंगरात, नायिका चांदण्यात बर्फ तुडवत जाते तो प्रसंग आम्ही भर दुपारी घेतला. दिवे आणायला पैसेच नव्हते. सूर्य तिच्या पाठीशी, आकाश चौकटीबाहेर. मग दादा नऊ दिवस लॅबमध्ये बसले आणि प्रिंटवर थोडाथोडा अंधार उतरवत रात्र केली.

पडद्यावर कॅमेरामन म्हणून नाव आलं दिग्दर्शक प्योच्या मेव्हण्याचं. दादा भांडायला गेले, तर प्यो म्हणाला, "कॅमेरा काय, खाटीकसुद्धा धरेल."

पुढे प्रत्येक शूटिंगच्या पहिल्या दिवशी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे डुकराचं मुंडकं नैवेद्याला मांडून आम्ही कॅमेऱ्यासमोर वाकायचो. बाकीचे यश मागायचे. मी एकदा विचारलं, "दादा, तुम्ही काय मागता?"

"प्योला दीर्घायुष्य."

ते मिळालं. प्यो मोठा झाला, शिकवू लागला. उणे वीसमध्ये, निव्वळ चंद्राच्या उजेडात आपण तो प्रसंग कसा घेतला, हे पंचेचाळीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत राहिला. दरम्यान सगळ्या प्रिंट हरवल्या. शेवटी कुठल्याशा गोदामात निगेटिव्ह सापडली आणि सिनेमा नव्याने उजळायचं ठरलं. प्योला मोतीबिंदू. रंग जुळवायला माहीतगार माणूस हवा होता. त्यानं फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा "दादा" म्हणाला.

दादा मला घेऊन लॅबमध्ये गेले. संगणकावर बसलेल्या मुलीनं विचारलं, "किती काळोख करू, आजोबा?"

"अजिबात नको. निगेटिव्हमध्ये आहे तेच."

मोतीबिंदू झालेल्यालाही दुपार कळते. पाहणीच्या दिवशी प्यो खुर्चीतून उठला. "हे काय? सावल्या दिसतायत! हिच्या कपाळावर घाम आहे!"

"होता," दादा म्हणाले. "तू सावलीत बसला होतास."

प्यो दादांजवळ आला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं नाव घालतो. आजच घालतो. मला रात्र द्या."

मुलीचे हात थांबले. ती रात्र फक्त दादांनाच माहीत होती. ते गेल्यावर ती कुणालाच करता येणार नव्हती.

"दादा, घ्या ना," मी कुजबुजलो.

"तू गप्प बस." मग प्योकडे न बघता ते म्हणाले, "नाव मेव्हण्याचंच राहू दे. दुपार माझी."

तारीख जाहीर झाली होती, कॉपी तशीच गेली. थिएटरात प्योचे विद्यार्थी बसले होते. पडद्यावर बर्फ लखलखला. आधी एकजण हसला, मग अख्खी रांग. प्योनं मान खाली घातली.

दादा हसले नाहीत. ते नायिकेकडे बघत होते आणि त्यांची बोटं मांडीवर लेन्स फिरवावी तशी हळूहळू फिरत होती, बंद, अजून बंद, जणू उजेड कमी करायचा होता. दिवे लागल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "उद्या पुन्हा खेळ आहे ना?"